बुकबाइंडरच्या दुकानातील वाचक : मायकेल फॅरडे

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

विज्ञानाचा लेख वाचायचा तो विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी, असा आम्हां कला शाखेच्या मुलांचा एक अलिखित करार आहे. वाचनालयात असा लेख समोर आला की पान उलटले जाते. त्यातल्या संज्ञा अनोळखी, आकडे रुक्ष, आकृत्या कोड्यासारख्या. आपल्याला ते कळायचे नाही, अशी समजूत आपण वाचायच्या आधीच करून घेतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार करताना मला एका माणसाचे चरित्र फार उपयोगी पडले. तो माणूस म्हणजे मायकेल फॅरडे.

फॅरडेचे नाव शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. विजेचा जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर ज्या तत्त्वावर चालतात ते तत्त्व त्याने १८३१ साली शोधले, हे परीक्षेपुरते आपण पाठही केलेले असते. पण हा माणूस कोणत्याही महाविद्यालयात गेला नव्हता आणि वरच्या पायरीचे गणित त्याला आयुष्यभर आले नाही. त्याच्या शोधांविषयी लिहिण्याचा अधिकार विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या वाचनाविषयी. शिक्षण नसलेल्या एका मुलाने विज्ञानाचे लेख वाचले कसे, आणि ते त्याला समजले कसे?

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. त्यांची प्रकृती ठीक नसे, त्यामुळे हाताला नेहमी काम असेच असे नाही. घरात चार भावंडे. १८०१ च्या महागाईत मायकेलच्या वाट्याला एक पाव येई आणि तो त्याने आठवडाभर पुरवायचा असे. शाळेत वाचणे, लिहिणे आणि थोडी आकडेमोड एवढेच पदरात पडले. १८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या पोऱ्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असल्यामुळे दुकानदार ते वाचायला भाड्याने देत. एका घरी पत्र द्यायचे, वाचून झाले की परत आणायचे आणि पुढच्या घरी पोचवायचे, हे मायकेलचे काम होते. पुढच्या वर्षी रिबोने त्याला पुस्तकबांधणीच्या कामावर सात वर्षांचा उमेदवार म्हणून घेतले आणि मुलगा कामाचा आहे हे पाहून त्याबद्दलची फीसुद्धा माफ केली.

बांधणीसाठी आलेली पुस्तके मायकेल वाचू लागला. प्रारंभी हाताला लागेल ते वाचले. मग दोन गोष्टींनी त्याला पकडून ठेवले. एक म्हणजे ब्रिटानिका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि दुसरी म्हणजे जेन मार्सेट या बाईंचे ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे पुस्तक. मार्सेटबाईंनी ते शिक्षिका आणि तिच्या दोन शिष्या यांच्या संवादाच्या रूपात लिहिले होते. मुली प्रश्न विचारतात, शंका काढतात आणि बाई उत्तरे देतात.

आता हा पोरगा काय करी ते पाहण्यासारखे आहे. पुस्तकात अमुक दोन पदार्थ एकत्र केल्यास अमुक घडते असे वाचले, की आठवड्याला जे काही पैसे शिल्लक राहतील त्यातून तो ते पदार्थ आणी आणि खरोखर तसे घडते का ते पाही. विजेवरचा लेख वाचून त्याने जुन्या बाटल्या विकत घेतल्या आणि घर्षणाने वीज निर्माण करणारे छोटे यंत्र व ती साठवणारे लेडनचे पात्र तयार केले. पुस्तकातली विधाने पडताळून पाहता खरी ठरत गेली, तसा त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसत गेला. म्हणजे विश्वास आधी आणि वाचन नंतर असा क्रम नव्हता. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही तो मार्सेटबाईंना आपली पहिली शिक्षिका मानीत असे आणि आपले शोधनिबंध त्यांना आवर्जून पाठवीत असे.

येथे एक शंका येईल. आपल्याजवळ ना प्रयोगशाळा, ना उपकरणे. मग प्रत्येक विधान कसे पडताळणार? पण फॅरडेने दुकानात बसून प्रत्येक विधान पडताळले असे नाही. जेवढे हाताच्या टप्प्यात होते तेवढेच त्याने पडताळले. उरलेल्या विधानांसाठी त्याने दुसरी युक्ती काढली. १८०९ साली त्याने एक वही सुरू केली. वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि पुस्तके यांत विज्ञानाविषयी जे जे आढळेल ते तो तीत उतरवून ठेवी. वहीचा हेतू त्याने स्वतःच पहिल्या पानावर नोंदवला आहे. मनोरंजन आणि ज्ञान हा तर हेतू होताच. पण शास्त्राच्या जगात रोज नवे सिद्धांत निघतात, त्यांना आधार देणारे किंवा त्यांना खोडून काढणारे पुरावे एके ठिकाणी जमवावेत, हाही होता. अठरा वर्षांचा कामगार मुलगा वर्तमानपत्र वाचताना हा विचार करतो, याचे मला फार आश्चर्य वाटते. आपणही कात्रणे काढतो. पण ती नटांची, खेळाडूंची किंवा सुभाषितांची. एका कात्रणाने दुसऱ्या कात्रणाला खोटे पाडावे म्हणून कोणी कात्रणे ठेवल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

ही शिस्त त्याला आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाच्या ‘इम्प्रूव्हमेंट ऑफ द माइंड’ या १७४१ सालच्या पुस्तकातून मिळाली. वाचावे, टिपणे ठेवावीत, व्याख्याने ऐकावीत, मित्रांशी चर्चा करावी, पत्रव्यवहार करावा आणि शब्द नेमके वापरावेत, असा त्यातील उपदेश. उपदेशाची पुस्तके आपणही वाचतो. फॅरडेने ते कामाला लावले. १८१० पासून तो जॉन टेटम यांच्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागला. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग होती आणि ती त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्ट वडिलांप्रमाणेच लोहार होता. भावाने ऐरणीवर घाव घालून मिळवलेल्या शिलिंगातले काही वाया जाऊ नये म्हणूनच की काय, मायकेल व्याख्यान चालू असताना त्रोटक टिपणे घेई आणि घरी आल्यावर ती सविस्तर लिहून काढी. उपकरणांची चित्रे नीट काढता यावीत म्हणून तो रिबोकडे राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून यथार्थदर्शन शिकला.

टेटम यांच्याकडे त्याला बेंजामिन ॲबट आणि एडवर्ड मॅग्रथ हे मित्र मिळाले. ॲबटशी त्याचा १८१२ पासून लांबलचक पत्रव्यवहार चाले. वाचलेले आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगता येते का, याची परीक्षा तो या पत्रांतून घेई. एका पत्रात त्याने अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद यांपासून विजेची चळत कशी केली ते मोठ्या उत्साहाने वर्णिले आहे. मॅग्रथ आठवड्यातून दोन तास त्याचे व्याकरण सुधारीत असे. विज्ञान समजण्यासाठी व्याकरणाचा अभ्यास! कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. वाक्यातला ‘जर’, ‘बहुधा’, ‘असे दिसते’ हे शब्द ज्याला नीट वाचता येत नाहीत, त्याला विज्ञानाचा लेखही नीट वाचता येणार नाही. आणि हे काम भाषेच्या विद्यार्थ्याला अधिक चांगले जमायला हवे.

पुढची हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे त्याला दिली. त्या व्याख्यानांची टिपणे फॅरडेने तीनशेहून अधिक पानांत सुवाच्य लिहिली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधणी केली आणि तो ग्रंथ डेव्हींकडे पाठवून दिला. मार्च १८१३ मध्ये त्याला डेव्हींच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली. बाटल्या धुण्यापासून सुरुवात झाली. त्याच वर्षी डेव्हींबरोबर तो युरोपच्या प्रवासाला गेला. तेथे अर्धे काम साहाय्यकाचे आणि अर्धे गड्याचे करावे लागे. डेव्हींच्या पत्नीने तर त्याला नोकरासारखेच वागवले. पण प्रवासात तो फ्रेंच आणि इटालियन वाचायला शिकला. ते पुढे उपयोगी पडले.

१८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेडने शोध लावला की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. त्याने तो लॅटिन पत्रकाद्वारे युरोपभर कळवला आणि मग लेखांचा पूर आला. जो तो प्रयोग करी आणि जो तो सिद्धांत मांडी. कोण काय म्हणतो आणि त्यातले खरे किती, हे जाणत्यांनाही कळेना. तेव्हा रिचर्ड फिलिप्स या संपादकमित्राने फॅरडेला या सर्वांचा इतिहास लिहून देण्याची विनंती केली. फॅरडेने ते सर्व लेख कालक्रमाने लावले आणि त्यांतील बहुतेक प्रयोग स्वतः करून पाहिले. प्रत्येक लेखाला त्याचा प्रश्न एकच होता : या गृहस्थाने पाहिले काय, आणि त्यावरून मानले काय? पॅरिसच्या अँपिअरचे गणित त्याला झेपले नाही. पण म्हणून त्याने अँपिअरचे लेख बाजूला ठेवले नाहीत. प्रयोग समजून घेतले, सिद्धांताविषयीचा निर्णय राखून ठेवला, आणि आपल्याला गणित येत नाही हे पत्रातून अँपिअरला मोकळेपणाने कळवलेही.

दुसऱ्यांचे लेख असे वाचता वाचताच ३ सप्टेंबर १८२१ रोजी त्याला स्वतःचा पहिला मोठा शोध लागला. पाऱ्याच्या भांड्यात उभ्या केलेल्या चुंबकाभोवती विजेची तार गोल गोल फिरू लागली. विजेच्या मोटारीचे हे पहिले रूप. नीट वाचणे हेही संशोधनच असते, याचा याहून चांगला दाखला नसेल.

मात्र याच प्रकरणात त्याला मोठा मनस्तापही सोसावा लागला. वोलास्टन नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ तारेच्या फिरण्याविषयी आधीपासून विचार करीत होते. त्यांची कल्पना वेगळी होती, तार स्वतःभोवती फिरेल अशी. तरी फॅरडेने घाईने लेख छापताना त्यांचा उल्लेख केला नाही. चोरीचा आरोप झाला. १८२४ साली रॉयल सोसायटीवर त्याची निवड झाली तेव्हा अध्यक्ष असलेले खुद्द डेव्ही त्याच्या विरुद्ध होते. ज्या लोहाराच्या पोरापाशी नावलौकिकाखेरीज काही नव्हते, त्याला हा घाव केवढा लागला असेल! लेखाच्या शेवटी दुसऱ्यांची नावे का द्यायची असतात, हे मला या प्रसंगाने जितके समजले तितके कोणत्याही नियमाने समजले नसते.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडाच्या कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून तो सुप्रसिद्ध प्रयोग केला. एका वेटोळ्यातील वीज सुरू किंवा बंद होण्याच्या क्षणीच दुसऱ्याला जोडलेली सूची हलते, हे त्याने टिपले. २४ नोव्हेंबरला त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. त्यानंतर त्याने पॅरिसच्या एका स्नेह्याला पत्राने ही वार्ता कळवली, ती तेथील वर्तमानपत्रात आली, आणि तेवढ्या त्रोटक बातमीवरून इटलीच्या नोबिली आणि अँतिनोरी यांनी तसे प्रयोग करून लेख लिहिला. लेखाखाली ३१ जानेवारी १८३२ ही तारीख होती. पण तो ज्या मासिकात आला त्याचा अंक रेंगाळलेला होता आणि त्यावर नोव्हेंबर १८३१ असे छापलेले होते. झाले! इटालियनांनीच आधी शोध लावला असे काहींना वाटले. फॅरडेने काय केले? त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, त्याला स्वतःच्या टीपा जोडल्या आणि दोन्ही एकत्र छापले. वाचकाने तारखा पाहाव्यात आणि ठरवावे.

वाचक कोठे अडतो हे ठाऊक असल्यामुळेच त्याचे स्वतःचे लेखन निराळे झाले. विजेवरील निबंधमालेत त्याने प्रत्येक परिच्छेदाला अनुक्रमांक दिला आणि तो पुढच्या निबंधातही चालू ठेवला. असे तीन हजारांच्या वर परिच्छेद आहेत. एखादे विधान कोणत्या प्रयोगावर उभे आहे ते वाचकाला क्रमांकावरून मागे जाऊन पाहता येते. प्रयोगशाळेतील रोजनिशीतही १८३२ पासून असेच क्रमांक आहेत आणि ते १६,०४१ पर्यंत जातात. चाळिशीनंतर त्याची स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, तेव्हा या क्रमांकांनीच त्याला हात दिला.

संज्ञांची आपल्याला धास्ती वाटते. त्यांचीही एक कथा आहे. १८३४ साली नव्या शोधांसाठी फॅरडेला नवे शब्द हवे होते. त्याला ग्रीक येत नव्हते, म्हणून त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूवेल या विद्वानाला विचारले. त्यातून ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द रूढ झाले. ग्रीकमध्ये ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली जाणारी वाट, आणि आयन म्हणजे जाणारा. आपल्या पुस्तकांत त्यांना धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतात. एवढा साधा अर्थ कळला की शब्द परका राहत नाही. संज्ञा म्हणजे कोणीतरी, केव्हातरी, अडचण आली म्हणून ठेवलेले नाव. शब्दांच्या व्युत्पत्तीत रमणाऱ्या आम्हां भाषेच्या विद्यार्थ्यांनी त्यांना भ्यावे हे बरे नव्हे.

१८५३ साली इंग्लंडात टेबल फिरवण्याचे वेड पसरले. चारचौघांनी टेबलावर हात ठेवायचे आणि टेबल आपोआप फिरायचे. कोणी म्हणे भुते, कोणी म्हणे वीज. सुशिक्षित मंडळीही त्यात होती. फॅरडेने हसण्यावारी नेले नाही आणि मानलेही नाही. दोन फळ्यांच्या मध्ये काचेचे रूळ घालून त्याने असे साधन केले की हात टेबलाला ढकलतात की टेबल हातांना ओढते ते दर्शककाट्यावर कळावे. हातच ढकलत होते, आणि ढकलणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. काटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला की टेबल हलेनासे होई. त्याने हे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी मनाच्या शिक्षणावर दिलेल्या व्याख्यानात त्याने सांगितले की आपल्याला जे खरे असावेसे वाटते त्याला आपण पुरावा न पाहताच मान डोलावतो. म्हणून निर्णय राखून ठेवण्याची सवय मनाला लावली पाहिजे.

हा भाग वाचताना मला माझे घर आठवले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. त्यामुळे कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, अमुक रस प्यायल्याने मधुमेह मुळासकट जातो असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्याची बातमी, हे सर्व वाचायला माझ्याकडे येते. आजी विचारते, “खरं हाय का रं हे?” तिच्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाहीत, हे त्या उत्तरावर अवलंबून असते. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, असे सांगून तेथे सुटका होत नाही. कोणी पाहिले, किती रोग्यांवर पाहिले, ज्यांनी रस घेतला नाही त्यांचे काय झाले, आणि सांगणारा रस विकणारा तर नाही ना, एवढे प्रश्न तरी मला विचारता आले पाहिजेत. ते विचारायला गणिताची पदवी लागत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत गोळ्या चालू ठेव आणि डॉक्टरांना विचार, असे सांगता आले पाहिजे.

फॅरडेच्या या पद्धतीला मर्यादा होती आणि ती त्याला ठाऊक होती. चुंबकाभोवतीच्या बलरेषांची त्याची कल्पना गणिताच्या भाषेत मांडली ती जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने. फॅरडेचे निबंध नीट वाचून होईपर्यंत विजेवरचे गणित वाचायचे नाही, असे मॅक्सवेलने ठरवले होते. १८५७ साली सहासष्ट वर्षांच्या फॅरडेने सव्वीस वर्षांच्या मॅक्सवेलला पत्र लिहून विचारले, की गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या भाषेतही पूर्णपणे का सांगू नयेत, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यांवर प्रयोग करता येतील. एवढ्या मोठ्या माणसाला हे विचारताना कमीपणा वाटला नाही.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले. मुलांसाठी नाताळात व्याख्याने मात्र तो हौसेने देई. मेणबत्तीवरची त्याची सहा व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली आणि ती आजही वाचली जातात. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्याचे निधन झाले.

फॅरडेच्या काळातील लेख आणि आजचे शोधनिबंध यांत पुष्कळ अंतर आहे. पण आजच्या निबंधाची रचना पाहिली तर त्याचाच प्रश्न तेथे उभा दिसतो. पद्धती आणि निष्पत्ती या भागांत काय केले आणि काय आढळले ते असते. चर्चेच्या भागात लेखकाला त्यावरून काय वाटते ते असते. आपण आधी सारांश वाचावा, मग आकृत्या आणि तक्ते पाहावेत, अडलेल्या संज्ञा वहीत उतराव्यात, आणि आढळलेले व वाटलेले यांच्यामध्ये पेन्सिलीने रेघ ओढावी. गणित अडले तर तेथे खूण करून पुढे जावे आणि विचारावे.

विचारायला फार लांब जायला नको. आपल्याच आवारात विज्ञान शाखेचे प्राध्यापक आणि विद्यार्थी आहेत. फॅरडे आणि त्याचे मित्र कामाचे तास संपल्यावर एकत्र बसून वाचत असत. तसे पुढील वर्षी वाङ्मय मंडळ आणि विज्ञान मंडळ यांनी मिळून महिन्यातून एकदा एक लेख वाचावा, अशी माझी सूचना आहे. त्यांनी आम्हांला सूत्र समजावून सांगावे आणि आम्ही त्यांना वाक्य. पहिल्या बैठकीसाठी मधुमेहावरचा एखादा लेख निवडावा, एवढी विनंती मी आताच करून ठेवतो.